बाबागाडी कोणती घ्यावी? (सदाशिव पेठ, दुसरा मजला, लिफ्ट नाही)

श्रावणसरी
नमस्कार. ऑगस्टमध्ये आमच्याकडे बाळ येणार आहे, पहिलंच. बाकीची खरेदी आई आणि सासूबाईंनी वाटून घेतली आहे. बाबागाडीचं मात्र घरात एकमत होत नाहीये, म्हणून हा धागा.

आम्ही सदाशिव पेठेत जुन्या इमारतीत राहतो. जिना अरुंद आहे आणि मधे काटकोनात वळतो. चारचाकी नाही, दोघांच्या दोन स्कूटर. बाळंतपणाला औंधला आईकडे जाणार, तीन महिन्यांनी परत पेठेत.

माझी नणंद लंडनला असते. तिच्या मुलाची ट्रॅव्हल सिस्टिम ती जुलैत येताना आणते म्हणतेय. म्हणजे एकच फ्रेम, तिच्यावर कॅरीकॉट (तान्ह्या बाळाला सपाट झोपवायची टोपली), बसायची सीट आणि कार सीट असं तिन्ही लागतं. फार वापरलेली नाही. सासूबाई म्हणतात, घरची वस्तू प्रेमाने मिळतेय तर घ्यावी. नवरा म्हणतो, इथली हलकी प्रॅम घेऊ. ब्रँडपेक्षा मला हे जाणून घ्यायचंय की पुण्यात, त्यातही पेठेत, बाबागाडी खरोखर कुठे आणि किती चालते.

कोथरूडची_आई
अभिनंदन! आधी एक विचारते. ती ट्रॅव्हल सिस्टिम किती किलोची आहे? फ्रेम आणि सीट मिळून ११ ते १५ किलो सहज भरते, त्यात बाळ धरलेलं नाही. माझं सिझेरियन झालं तेव्हा डॉक्टरांनी सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं बजावलं होतं. तुझं नॉर्मल होवो, पण कसंही झालं तरी एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात १२ किलोची फ्रेम घेऊन वळणाचा जिना चढायचा नाही. कुणी तरी दुसरं माणूस लागणार, आणि ते माणूस नेमकं ऑफिसात असणार.

आमच्याकडे दोन गाड्या होत्या. मोठी दिरांकडून आली, ती सोसायटीच्या आवारात आणि लिफ्टमध्ये उत्तम चालली. आवाराबाहेर मात्र साडेसहा किलोची छोटीच जायची. तिला खांद्याला अडकवायचा पट्टा आहे आणि एका हाताने मिटते. नवऱ्याचं ऐक.

दुपारचा_चहा
बाबागाडी नकोच. कडेवर घ्यायचं बाळ. लक्ष्मी रोडला गर्दीत काय ढकलणार?

रोज_हिंजवडी
चारचाकी नाही म्हणजे रिक्षा नाही तर कॅब. पुण्यातल्या बहुतेक कॅब सीएनजीवर, आणि डिकीत सिलिंडर. उरलेल्या जागेत एखादी पिशवी बसते, मोठी फ्रेम नाही. ती मागच्या सीटवर आडवी टाकावी लागते, मग आजी कुठे बसणार? रिक्षाचं तर बोलायलाच नको. आमची छत्रीसारखी मिटणारी गाडी रिक्षात पायांजवळ उभी राहते. घेण्याआधी मिटलेल्या गाडीची मापं बघा. विमानात वरच्या कप्प्यात जाणाऱ्या गाड्या साधारण ५५ × ४५ × २५ सेंटीमीटरच्या आत मिटतात. तुम्हाला विमानात न्यायची नसली तरी हेच माप रिक्षासाठी कामाला येतं.

फूटपाथवाला
मी सिव्हिलचा माणूस, रस्त्यांचंच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेनुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. कागदावर आपण चांगले आहोत. साधी बाबागाडी ५० ते ६० सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे रुंदी ही अडचणच नाही. खरी अडचण आहे ती सलगतेची. जंगली महाराज रस्त्यावर नव्याने केलेल्या फूटपाथवर किंवा औंधच्या डीपी रोडवर गाडी सुरेख चालते, कारण तिथे उतार दिलेत आणि रुंदी टिकवली आहे. पेठेत शिरलात की दर दुकानासमोर फूटपाथ तुटतो, एका पायरीवरून उतरायचं आणि पुढच्या पायरीवर चढायचं. दुचाकी वर चढू नयेत म्हणून जे खांब लावतात ते कुठे कुठे इतके जवळ असतात की व्हीलचेअरही जात नाही. त्यात पेव्हर ब्लॉक खचलेले आणि चेंबरची झाकणं दोन बोटं वर.

त्यामुळे चाकाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पुढची चाकं बोटभर रुंदीची, कडक प्लास्टिकची आणि जोडीजोडीने असली तर ती ब्लॉकच्या फटीत तिरकी होऊन अडकतात, गाडी जागच्या जागी थांबते आणि बाळाला पुढे हिसका बसतो. थोडी मोठी, फोम भरलेली किंवा रबरी चाकं आणि पुढच्या चाकांना सरळ लॉक करायची सोय हवी. खडबडीत जागी चाकं लॉक करून, हँडल जरा दाबून पुढची बाजू उचलून घ्यायची. पायरीवर चढवताना गाडी उलटी फिरवा, मागची मोठी चाकं आधी वर घ्या.

श्रावणसरी
@फूटपाथवाला, फारच उपयोगी. @दुपारचा_चहा, कडेवर घेणारच आहे, पण मला पाठीचं दुखणं आहे. म्हणून गाडीचा विचार.

दुपारचा_चहा
पाठीचं माहीत नव्हतं, मग गाडी घ्याच. तरी पहिले सहा महिने बाळाला छातीशी बांधायची ओढणी किंवा पट्ट्यांचा कॅरियर बघा. वजन दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर विभागलं जातं, एका कडेवर येत नाही.

डॉक्टर_काकू
मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण इथे तपासणी करत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्यालच.

पहिली गोष्ट, वय. बाळाची मान साधारण चौथ्या महिन्यापर्यंत धरते आणि आधाराशिवाय बसणं सहा ते आठ महिन्यांत येतं. तोपर्यंत गाडीची पाठ जवळजवळ सपाट व्हायला हवी. युरोपातल्या मानकात जन्मापासून वापरायच्या सीटला किमान १५० अंशांचा कोन मागतात. छत्रीसारख्या मिटणाऱ्या खूपशा हलक्या गाड्यांची पाठ तेवढी मागे जात नाही, म्हणून त्यांच्यावर सहा महिन्यांपासून पुढे असं लिहिलेलं असतं. ते मनापासून पाळा. मान पुढे पडली, हनुवटी छातीला टेकली की तान्ह्या बाळाचा श्वास अडू शकतो.

दुसरी गोष्ट, नेणार कुठे? पहिला सव्वा महिना आपल्याकडे बाळ घराबाहेर पडत नाही. मग दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने अशा लसी. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाबागाडीचं काम फार थोडं असतं. दवाखान्यापर्यंत मांडीवर किंवा कॅरियरमध्येच जाणं होतं.

कॅरियर किंवा ओढणी वापरलीत तर बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, नाक-तोंड मोकळं हवं, हनुवटी छातीपासून वर हवी आणि बाळ इतकं वर हवं की मान वाकवली की टाळूचा पापा घेता येईल. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर असले की खुब्यांनाही चांगलं.

आणि कळकळीने सांगते, ऊन लागू नये म्हणून गाडीवर वरून दुपटं पांघरू नका, पातळ सुती असलं तरी. आत हवा कोंडते आणि बघता बघता तापमान वाढतं. एप्रिल-मेच्या पुण्यात तर नाहीच. छत पुढे ओढा, सावलीतून चाला, अकरा ते चार बाहेर काढू नका.

पाऊसवेडी
काकू, मच्छरदाणीचं सांगा ना. चालते का?

डॉक्टर_काकू
जाळीची चालते, हवा खेळती राहते, आणि हवीच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यात झिकाचे रुग्ण निघाले होते, तो पसरवणारा डासही तोच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डास पळवायचं मलम लावत नाहीत, त्यामुळे जाळी हाच उपाय. पावसाचं प्लास्टिकचं कव्हर मात्र पाऊस थांबला की लगेच काढायचं, आणि बाजूला भोकं असलेलंच घ्यायचं.

बाणेरचे_आजोबा
मी दोन नातवंडांना फिरवलंय, आता तिसरी आहे. सगळे चाकांचं आणि वजनाचं बोलले, हँडलच्या उंचीचं कुणी बोललं नाही. मी सहा फुटांच्या आसपास. सुनेच्या उंचीला बेताची गाडी मी ढकलायचो तेव्हा कमरेत वाकावं लागे आणि प्रत्येक पावलाला नडगी मागच्या दांड्यावर आपटे. हँडल वरखाली होणारं घ्या. घरात ढकलणारी माणसं चार उंचीची असतात.

दुकानात रिकामी गाडी कुणीही एका बोटाने ढकलतं. तुम्ही पाच किलोची कणकेची पिशवी सीटमध्ये ठेवायला सांगा, पट्टे लावा आणि मग एका हाताने वळवून बघा. ब्रेक लावून ढकला. मी एका दुकानात असं केलं तर मागचं एक चाक लॉक झालंच नव्हतं, गाडी गोल फिरली. दुकानदाराने निमूटपणे दुसरी काढून दिली.

गुळपोळी
आजोबा, पिशवीची युक्ती बहिणीला आत्ताच पाठवली.

श्रावणसरी, मी इंग्लंडमध्ये पाच वर्षं राहून आलेय. तिकडे ट्रॅव्हल सिस्टिम का चालते तर फूटपाथ सलग, बस खाली झुकते, बसमध्ये प्रॅमला राखीव जागा आणि दुकानांच्या दारांना रॅम्प. बाळाला कॅरीकॉटमध्ये झोपवून आई एकटी दिवसभर बाहेर काढू शकते. तीच गाडी इथे आणली की अर्धा वेळ ती उचलावी लागते.

पण सगळं नाकारू नकोस. कार सीट नक्की मागून घे. स्वतःची गाडी नसली तरी औंधला ये-जा कारने होणार. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ब आलं आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना असेल तर १,००० रुपये दंड. दंड राहू दे, मांडीवरचं बाळ ब्रेक लागल्यावर हातात राहत नाही. नणंदेला तीन गोष्टी विचार. त्या सीटला कधी अपघात झालाय का, सीटवर छापलेली मुदत उलटली आहे का, आणि ती नुसत्या सीटबेल्टने बसते का. फक्त आयसोफिक्सच्या, म्हणजे कारमधल्या ठरावीक कड्यांना अडकवायच्या, बेसवरच बसणारी असेल तर कॅबमध्ये तो बेस रोज कोण लावणार? बाळाचं तोंड मागे, सीट मागच्या बाकावर. युरोपच्या नव्या नियमात निदान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवायला सांगितलंय.

कोथरूडची_आई
गुळपोळीला अनुमोदन. आणि कार सीटमध्ये बाळ झोपलं म्हणून घरी आल्यावरही तिथेच तासन्‌तास ठेवायचं नाही. काकूंनी हनुवटीचं सांगितलं ते इथेही लागू.

रोज_हिंजवडी
स्कूटरचा विषय निघालाच नाही. धाग्यात दोन स्कूटर आहेत, म्हणून सांगतो. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे की चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस हवा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. बाळाला कॅरियरमध्ये छातीशी बांधून स्कूटर चालवणारे आईबाप मी रोज बघतो. कॅरियर चालण्यासाठी असतो, त्यात अपघातापासून काही संरक्षण नाही.

श्रावणसरी
नाही नाही, स्कूटरवर तान्हं बाळ घेणारच नाही. रिक्षा करू.

पेठेतली_सून
मी शनिवारातली. मला पेठेची बाजू मांडू दे, सगळ्यांनी तिला अगदीच मोडीत काढलंय.

पेठेत गाडी चालते, वेळ आणि रस्ता निवडावा लागतो. सकाळी साडेआठच्या आत दुकानं उघडलेली नसतात, दुचाकी लागलेल्या नसतात. तेव्हा मी आतल्या गल्ल्यांतून रस्त्याच्या कडेने गाडी घेऊन जाते, फूटपाथच्या नादी लागत नाही. संध्याकाळी सारसबाग. आतल्या वाटा सपाट आहेत, फक्त तळ्यातल्या गणपतीच्या पायऱ्यांना बाळ कडेवर. महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेव. तुळशीबागेत गाडी कधीच नाही, तिथे कॅरियर.

आणि मेट्रो! सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून मंडईचं स्टेशन आमच्या दाराशी आलंय. लिफ्टने खाली, रुंद गेटमधून आत, डब्याच्या आणि फलाटाच्या पातळीत फरक जवळजवळ नाही. गाडीसकट डिस्ट्रिक्ट कोर्टला जायचं, तिथे लाइन बदलायची आणि वनाझकडे किंवा रामवाडीकडे. पाऊस असो, ऊन असो. फक्त स्टेशनपर्यंतचा तो तुकडा तेवढा सांभाळायचा. गर्दीच्या वेळी लिफ्टसमोर रांग असते, पण प्रॅम बघून लोक पुढे जाऊ देतात, हा माझा अनुभव.

दर ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते आणि लक्ष्मी रस्ता नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी लक्ष्मी रोडच्या मधोमध बाबागाडी ढकलत जा. बाळ तेव्हा चार महिन्यांचं असेल, पाठ सपाट करून झोपव.

फूटपाथवाला
पेठेतली_सून, माझा मुद्दा मोडीत काढायचा नव्हता. सकाळच्या वेळेचं पटलं. आणि गल्लीत कडेने चालण्यात धोका आहे तो मागून येणाऱ्या दुचाकीचा. गाडीच्या मागच्या बाजूला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, सायकलच्या दुकानात मिळते.

पाऊसवेडी
आमच्या आजीला बाबागाडी म्हटलं की पांगुळगाडाच आठवतो. तिने सांगून लाकडी करून घेतला.

बाणेरचे_आजोबा
लाकडी पांगुळगाडा चांगला, मूल उभं राहून स्वतः ढकलतं. मध्ये बसवायचा गोल प्लास्टिकचा वॉकर घेऊ नका. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली, कारण मुलं त्यातून जिन्यावरून कोसळत होती. श्रावणसरी, तुमच्या घरी जिना आहे, कुणी भेट दिला तरी तो वापरू नका.

पाऊसवेडी
आजोबा, आमचा पांगुळगाडा सध्या मुलगा ढकलतो आणि त्याचं बसायचं मांजर आहे. दोघंही खूश.

गुळपोळी
:D :D

वापरलेल्या गाड्यांबद्दल एक राहिलं. छत्रीसारखी मिटणारी गाडी १९६५ साली ओवेन मॅकलारेन नावाच्या विमान-अभियंत्याने काढली. विमानाच्या चाकांच्या घड्यांवर काम केलेला माणूस, म्हणून ती इतकी हलकी झाली. पुढे २००९ मध्ये त्याच कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्या परत तपासायला घ्याव्या लागल्या. उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडून टोकं तुटल्याच्या तक्रारी होत्या. त्या बिजागऱ्यांवर मग कव्हर दिली. म्हणून जुनी गाडी घेताना बिजागरीवर कव्हर आहे का, कमरेचे, खांद्यांचे आणि पायांमधला असे पाचही पट्टे आहेत का, बक्कल एका दाबाने उघडतंय का, हे बघून मगच हो म्हणा. उघडताना-मिटताना मूल दूर उभं.

कोथरूडची_आई
आणि हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवायच्या नाहीत. हलकी गाडी मागे उलटते. आमच्या सोसायटीत झालंय, बाळ पट्ट्यात होतं म्हणून वाचलं. सामान खालच्या टोपलीत.

दुपारचा_चहा
किमतीचं कुणी सांगेल का? मी आता बहिणीसाठी विचारतोय.

रोज_हिंजवडी
साध्या गाड्या चार-पाच हजारांपासून. सपाट झोपणारी, पाच पट्ट्यांची, बऱ्या चाकांची आठ ते पंधरा हजारांत. परदेशी नावांच्या पुढे कितीही. फर्स्टक्राय कंपनी पुण्यातलीच, २०१० मध्ये इथे सुरू झाली, तिची दुकानं शहरभर आहेत. ऑनलाइन मागवायची असली तरी आधी दुकानात मिटवून बघा.

श्रावणसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. काकूंचं दुपट्याचं वाचल्यावर त्यांनी नणंदेला स्वतः फोन केला. नणंदेची कार सीट सीटबेल्टनेही बसते, अपघात नाही, मुदत अजून आहे. ती आणि कॅरीकॉट येणार, फ्रेम तिकडेच राहणार. कॅरीकॉट औंधला खाली बाळाला ठेवायला होईल, डोक्याजवळ उशी-बिशी न ठेवता. परत आल्यावर कॅरियर, आणि बाळ बसायला लागलं की हलकी गाडी इथून. हँडल वरखाली होणारी, कारण नवरा उंच आणि सासूबाई पाच फूट. @पेठेतली_सून, मंडईला एकदा भेटू या.

एकच राहिलं. हलकी असली तरी रोज दोन मजले वर नको वाटते. खाली जिन्याखाली जागा आहे. तुम्ही कुठे ठेवता?

पेठेतली_सून
भेटू या, नक्की!

जिन्याखालीच ठेवते. सायकलचं साखळीचं कुलूप जिन्याच्या गजाला. सोसायटीत आधी सांगून ठेव, नाही तर कुणी तरी अडचण म्हणून बाहेर काढून ठेवतं. वरून जुनी सुती चादर टाक, प्लास्टिक नको, पावसाळ्यात आत बुरशी येते. दर पंधरा दिवसांनी सीटचं कापड काढून धुवायचं आणि चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस-दोरे कात्रीने काढायचे, नाही तर चाक कुरकुरतं. आणि बाळाला ठेवण्याआधी रोज हाताने सीट चाचपून बघ. आमच्याकडे एकदा पाल निघाली होती.